बॅटरी उतरते म्हणून ट्रॉलीचा दिवा काहून तोडता?

अमरावती-अकोला रस्त्याचं कौतुक आपण सगळ्यांनी स्टेटसला ठेवलं होतं. जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आता अशा गुळगुळीत रस्त्यावर गाडी साठच्या खाली ठेवतं कोण? आणि कापसाच्या दिवसांत त्याच रस्त्यावर रात्री अचानक समोर येते भरलेली ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दिसते तेव्हा ब्रेकला जागा उरलेली नसते.

मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं: "बॅटरी उतरते ना भाऊ, वायरच काढून टाकली."

हा इलाज नाही. आणि दोष दिव्याचा नाहीच, हे बारावीच्या फिजिक्सवर सिद्ध होतं. मागचे पाच वॅटचे दोन बल्ब म्हणजे दहा वॅट. भागिले बारा व्होल्ट, साधारण ०.८ अँपिअर. दहा तास जळले तरी आठ अँपिअर-तास. ट्रॅक्टरची धड बॅटरी ऐंशीच्या आसपास असते. दहा टक्क्यांनी ती एका रात्रीत बसेल काय?

मग खाते कोण? जिनिंगसमोरची रांग आठवा. काट्याचा नंबर यायला रात्र जाते. इंजिन बंद, अॅम्प्लिफायर थेट बॅटरीवर जोडलेला, गाणे चालू, वरून तीन मोबाइल चार्जिंगला. सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक'. मग शिव्या ट्रॉलीच्या दिव्याला, अन् उद्यापासून ट्रॅक्टर उतारावर उभा करायचा!

दुसरा चोर हुकजवळ असतो. तिथे वायर प्रत्येक वळणावर घासते, सोलते, टेपनं गुंडाळतात, पुन्हा सोलते. खरं तर फ्यूज उडायला पाहिजे. पण फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवलेली असते, तो उडणार कसा?

आयटीआय, पॉलिटेक्निकच्या पोट्टेहो, हे काम तुमचं आहे. मल्टीमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. इंजिन चालू करून बॅटरीवर व्होल्ट पाहा. चौदाच्या आसपास पाहिजे. साडेबाराच्या वर सरकतच नसेल तर चार्जिंगच होत नाही. बेल्ट ढिला आहे का, टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं का, ते बघा. मग इंजिन बंद, चावी बाहेर, सगळं बंद. निगेटिव्ह केबल काढून मीटर दहा अँपिअरवर मध्ये जोडा. (या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटर जळेल.) जुन्या साध्या ट्रॅक्टरवर आकडा जवळपास शून्य यायला पाहिजे. येत नसेल तर ट्रॉलीची वायर सोडवा. आकडा पडला तर चोर ट्रॉलीत. नाही पडला तर एकेक फ्यूज काढत जा.

बाबा म्हणतील, "शिकलास तं आता मलेच शिकवतं काय?" म्हणू द्या. वायर जोडून द्या, बल्बऐवजी एलईडी लावा, ती फारच थोडं खाते. आणि लाल रिफ्लेक्टर टेपला तर बॅटरी लागतच नाही. फक्त चिकटवण्याआधी फाळक्यावरची माती ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्या, नाहीतर पहिल्याच फेरीत निघते.