ज्यांची कबर समुद्रात आहे

लढाईत मेलेल्या काही सैनिकांची ओळख पटत नाही. अशा एकेका अज्ञात सैनिकाला १९२० साली लंडन आणि १९२१ साली पॅरिस येथे मोठ्या मानाने पुरण्यात आले. पण ज्यांचा देहच हाती लागला नाही, त्यांचे काय?

मुंबईत मस्जिद स्टेशनजवळ 'इंडियन सेलर्स होम' आहे. तेथील स्मारक पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे आहे. समुद्र हीच त्यांची कबर! यांतले बरेच जण जहाजाच्या तळाशी भट्टीत कोळसा घालत. त्यांना आगवाले म्हणत. जहाजावर पाणतीर आदळला, की वर येण्याइतकाही वेळ त्यांना मिळत नसे. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, म्हणून त्यांचा मान कमी का व्हावा?

रत्नागिरीकडचे कितीतरी मुसलमान तरुण तेव्हा जहाजांवर काम करत. तुमच्यापैकी काहींचे गाव तिकडेच असेल. घाटकोपर, मुलुंडहून धीमी लोकल मस्जिदला थांबते. तरी आपण तेथे कधी जात नाही. प्रजासत्ताक दिनाला भाषणे पुष्कळ होतात. एखाद्या वर्षी गुरुजींनी परवानगी काढून वर्गाला तेथे न्यावे. प्रत्येकाने एका खलाशाचे नाव वहीत लिहून आणावे आणि घरी आजोबांना वाचून दाखवावे.