हेल्मेट एकच होतं

सुरुवातीलाच सांगतो, मी कॉन्व्हेंटचा. न्यूरॉनला मराठीत चेतापेशी म्हणतात हे मला मागच्या महिन्यात कळलं! शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, मुद्दा मात्र घालू नका.

गेल्या जुलैत मी आणि माझा रूम पार्टनर पाऊस बघायला पवना धरणाकडे निघालो. बाईक मी चालवत होतो. एका वळणावर मुरूम वाहून आला होता, मागचं चाक सटकलं. स्पीड म्हणाल तर तीस-पस्तीस. मला नुसतं खरचटलं. तो मागच्या मागे डोक्यावर आपटला. हेल्मेट एकच होतं, आणि ते माझ्या डोक्यावर होतं.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. आम्ही सुटलो म्हणून पार्टी मागितली. त्याचं घर कामशेतजवळ. आठवड्याने तिथे जेवायला बसलो, काकूंनी इंद्रायणीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला हा तांदूळ, शिजला की वास ओसरीपर्यंत येतो. काकू म्हणाल्या, "बघ रे, कसा वास सुटलाय." तो म्हणाला, "आई, मला कसलाच वास येत नाहीये."

नाकाच्या वर चाळणीसारखं एक हाड असतं. त्याच्या भोकांतून वासाच्या चेतापेशींचे बारीक धागे मेंदूत जातात. डोक्याला मागून दणका बसला की मेंदू हलतो आणि हे धागे तुटतात. स्कॅनमध्ये दिसत नाही.

हॉस्टेलवर सगळ्यांचा एकच दिलासा, "टेन्शन नको रे, ब्रेन नवीन सेल्स बनवतो." मग मी वाचायला बसलो. (सेमिस्टरला एवढं वाचलं असतं तर...)

गोष्ट अर्धी खरी आहे. १९९८ मध्ये एरिकसन आणि गेज यांनी मोठ्या माणसांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी दाखवल्या. आपल्या मुंबईत टीआयएफआरमध्ये डॉ. विदिता वैद्य यांची लॅब याच भागातल्या नव्या पेशी आणि डिप्रेशनची औषधं यांचा उंदरांवर अभ्यास करत आली आहे. पण २०१८ मध्ये एका गटाने सांगितलं की मोठ्या माणसांत अशा पेशी सापडतच नाहीत, आणि त्याच वर्षी दुसऱ्याने सांगितलं की सापडतात. वाद चालू आहे. आणि इजा झाल्यावर? २००२ मध्ये स्वीडनमध्ये उंदरांना स्ट्रोक देऊन पाहिलं. नव्या पेशी इजेच्या जागी चालत गेल्या, पण बहुतेक मेल्या. गेलेल्यांपैकी जेमतेम ०.२ टक्के भरून निघाल्या. पेशंट सुधारतात ते मुख्यतः उरलेल्या पेशी नवी जोडणी करतात म्हणून. म्हणजे जळलेला ट्रान्सफॉर्मर बदलून मिळत नाही, लाइन दुसरीकडून ओढावी लागते.

नाकातल्या पेशी मात्र जन्मभर नव्याने तयार होतात. पण त्यांचे धागे पुन्हा त्या भोकांतून वर जाऊन योग्य जागी जोडले गेले पाहिजेत. कधी जातात, कधी नाही. म्हणून डॉक्टरांनी त्याला रोज दोनदा गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हुंगायला सांगितलंय. आमच्या खोलीत आता चार बाटल्या असतात.

२०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा मी शाळेत होतो, मजा वाटली होती. आज चीड येते. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब सांगतो की हेल्मेटने डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्के आणि मृत्यूचा ४२ टक्के कमी होतो. कायदा मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. आपल्याकडे मात्र मागे बसणारा म्हणजे पाहुणा! भुशी डॅमला चाललेल्या दहा बाइक मोजा, मागे हेल्मेट घातलेला एक दिसला तर माझ्याकडून चिक्की.

माझं म्हणणं सरळ आहे. हॉस्टेलच्या गेटवर वीस हेल्मेट ठेवा, आयकार्ड जमा करून न्या, आल्यावर परत द्या. गॅदरिंगच्या डीजेतून एवढे पैसे सहज निघतील. आणि मागच्या सीटवर हेल्मेट नसेल तर वॉचमन काकांनी गाडी सोडू नये. मुलं शिव्या घालतील, घालू देत.

रूम पार्टनरला परवा लवंगेचा वास आला. कॉफी मात्र जळक्या टायरसारखी लागते म्हणतो. भाताचा अजून नाही. मी त्याला सॉरी म्हटलं तर "गप रे" म्हणतो आणि विषय बदलतो.

अर्ज लिहून तयार आहे, रेक्टर सरांना द्यायचाय. सह्या कमी पडतायत. रात्री नवानंतर मी मेसच्या बाहेर असतो.