कुसकुस : पथ्याच्या फळीवर मांडण्यापूर्वी

रुग्णांकडून चिकित्सकास विचारल्या जाणाऱ्या आहारविषयक प्रश्नांत ओट्स आणि क्विनोआ यांच्या जोडीस अलीकडे कुसकुस हे नाव येऊ लागले आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले, आणि त्यानंतर अनेक औषधविक्रेत्यांनी नाचणी, वरई, राळा यांच्यासाठी दुकानात स्वतंत्र फळी केली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु त्याच फळीवर, त्याच पंक्तीत कुसकुसाचे पाकीट मांडलेले दिसते, तेव्हा त्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कुसकुस हे धान्यच नव्हे. ते कृतान्न आहे. कठीण जातीच्या, म्हणजे ज्यास आपल्याकडे बन्सी म्हणतात त्या गव्हाचा रवा परातीत घेऊन, त्यावर पाणी शिंपडून व बारीक पीठ लावीत तळहाताने वळलेले ते दाणे होत. शेवया, कुरडया करणाऱ्या आपल्या गृहिणींस ही क्रिया परकी वाटू नये. उत्तर आफ्रिकेतील अमाझिग लोकांचे हे प्राचीन अन्न असून शुक्रवारच्या सामुदायिक भोजनात त्याला आजही मान आहे. २०२० साली अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को व ट्युनिशिया या चार देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने या विद्येची नोंद मानवी सांस्कृतिक वारशात केली. इतक्या योग्यतेच्या अन्नास 'हलके धान्य' हे खोटे नाव देण्याचे काहीच कारण नाही.

नावाच्या या गोंधळाचे मोल रुग्णास द्यावे लागते. सीलिॲक व्याधीच्या रुग्णास गहू आयुष्यभर वर्ज्य सांगितलेला असतो. तो पोळी सोडतो, ब्रेड सोडतो आणि भरडधान्य समजून कुसकुस घरी नेतो. ग्लुटेन त्याच्या पोटात जातच राहते, आंत्राचे अंतःस्तर भरून येत नाहीत, आणि 'पथ्य पाळूनही गुण नाही' अशी तक्रार घेऊन तो वैद्याकडे परत येतो. प्रमेहाच्या रुग्णाचेही तसेच. पोळी मोजून खाणारा हा रुग्ण कुसकुस मात्र वाडगाभर खातो. कारण ते रव्याचेच रूप आहे हे त्यास कोणी सांगितलेले नसते. पाकिटाच्या मागील बाजूस 'ड्युरम व्हीट सेमोलिना' असे बारीक अक्षरांत छापलेले असते खरे; परंतु ते वाचून त्याचा अर्थ सांगणारा माणूस फळीपाशी हवा, आणि तो दुकानदारच असू शकतो.

कुसकुस सर्वांनी टाळावे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. गोधूम मधुर, शीत, गुरु, स्निग्ध व बृंहण आहे. कृश आणि श्रमजीवी मनुष्यास तो हितकरच आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात आहारविधीची जी आठ आयतने सांगितली, त्यांत प्रकृतीच्या पाठोपाठ करण, म्हणजे संस्कार, येतो. तेव्हा कुसकुस खाण्याची अनुज्ञा देणाऱ्या वैद्याने ते शिजवावे कसे हेही सांगावयास हवे.

बाजारातील बहुतेक पाकिटांतले दाणे आधीच वाफवून वाळविलेले असतात. वाटीभर दाण्यांवर वाटीभर उकळते पाणी ओतून पाचेक मिनिटे झाकून ठेवावे, इतकीच कृती त्यांवर दिलेली असते. घाईच्या वेळी ती चालेल. पण पाणी किंचित अधिक झाले की त्याचा चिकट गोळा होतो, आणि मंदाग्नीच्या रुग्णास असा गोळा द्यावा असे आम्हांस वाटत नाही. मूळ देशातील रीत वाफेची आहे, आणि ती आपल्या स्वयंपाकघरात मोदकपात्रावर सहज साधते. दाणे परातीत पसरून त्यांवर थोडे मिठाचे पाणी शिंपडावे, चमचाभर तेल किंवा तूप लावून दोन्ही तळहातांत हलके चोळावे, म्हणजे दाणा दाण्यापासून सुटतो. खालच्या भांड्यात गाजर, भोपळा, सलगम आणि भिजवून शिजविलेले हरभरे यांचा पातळ रस्सा उकळत ठेवावा. वरच्या चाळणीत स्वच्छ मलमल अंथरून दाणे दाबून न भरता मोकळे घालावेत. दोन भांड्यांच्या सांध्यातून वाफ निसटू नये म्हणून तेथे पिठाच्या पाण्यात बुडविलेली कापडाची पट्टी गुंडाळतात. आपण ओला पंचा गुंडाळला तरी भागते. वर झाकण ठेवू नये, कारण झाकणावरचे थेंब पडून गाठी होतात. दाण्यांतून वाफ वर येऊ लागल्यावर सुमारे दहा मिनिटांनी ते परातीत काढावेत, गाठी मोडाव्यात, पुन्हा पाणी शिंपडावे व पुन्हा वाफवावेत. पाकिटातील दाण्यांस दोन वेळा वाफ पुरे. हाताने वळलेल्या, न वाफवलेल्या दाण्यांस तीन वेळा द्यावी लागते, आणि प्रत्येक वेळी अधिक काळ. ते केवळ भिजवून खाणे म्हणजे कच्चा रवा खाणे होय.

असे वाफवलेले, मोकळे व उष्ण अन्न भाज्यांच्या रश्श्यासह मात्रेत घ्यावे. तरीही ज्वरानंतरच्या संसर्जनक्रमात पेया-विलेपीच्या जागी ते येऊ शकत नाही, हे सांगण्याची वेळ येऊ नये. पण रुग्ण विचारतात, म्हणून येथे नोंदविले.

औषधविक्रेत्या बंधूंस आमची विनंती एवढीच, की कुसकुस दुकानात अवश्य ठेवावे, परंतु ते रवा-शेवयांच्या फळीवर, आणि त्यावर 'गव्हापासून तयार केलेले' अशी ठळक मराठी चिठ्ठी लावून. मोरोक्कोत जवाचेही कुसकुस करतात. प्रमेहात यवप्रधान आहार सांगणाऱ्या आपल्या शास्त्रास ते अधिक जवळचे असून जवाचा जाड रवा घेऊन वरील रीतीने ते येथे करून पाहण्यासारखे आहे. मात्र जवातही ग्लुटेन असते. सीलिॲक रुग्णाच्या पिशवीत तेही जाऊ देऊ नये.