परदेशातील हिवाळा आणि जुना कोट

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांच्या आधारे आपल्या समाजातील मुले-मुली आज इंग्लंडमधील विद्यापीठांत शिकत आहेत. सप्टेंबरमध्ये त्यांच्या प्रस्थानाची तयारी सुरू झाली की घरोघरी थंडीच्या कपड्यांची चिंता उभी राहते आणि प्रसंगी उसनवारी करून महागडे, जाडजूड जॅकेट घेतले जाते. हा खर्च बहुतांशी अनाठायी आहे, असे आमचे मत आहे.

लंडनच्या हिवाळ्यात बर्फ क्वचितच पडतो. दिवसाचे तापमान साधारण ७-८ अंश असते, डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधारते, आणि खरा त्रास होतो तो ओलसर वाऱ्याचा व रिमझिम पावसाचा. वर्ग व ग्रंथालये मात्र उबदार असतात. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा अंगावर चढवता-उतरवता येणारे थर अधिक उपयोगी पडतात. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर, आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारा टोपीचा कोट. थरांमध्ये कोंडलेली हवाच ऊब धरून ठेवते. आपल्या आजीच्या गोधडीचेही तंत्र हेच. सुती बनियन घाम शोषून ओले राहते, म्हणून थंडीत ते अंगालगत नको. लोकरी मोजे, हातमोजे, कानटोपी आणि पाणी न शिरणारे बूट यांत मात्र काटकसर करू नये.

थर्मल व मोजे नवे, इथूनच न्यावेत. कोट आणि स्वेटर तिथल्या धर्मादाय संस्थांच्या दुकानांतून घ्यावेत. ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन यांची अशी दुकाने गावोगावी आहेत. लोकांनी दान केलेले चांगले कपडे तेथे नव्याच्या तुलनेत फार स्वस्तात मिळतात आणि ते पैसे समाजकार्याला व संशोधनाला जातात. सर्व स्तरांतील लोक तेथे खरेदी करतात.

येथेच अनेक पालकांचे मन अडखळते. "आमच्या लेकराने दुसऱ्याचे उतरलेले का घालावे?" ही वेदना आम्ही क्षुल्लक मानत नाही. मनुस्मृतीने चांडाळांना मृतांची वस्त्रे नेमून दिली. प्रेतावरचे कापड हा महारकीचा 'हक्क' मानला जाई. उतरण ही आपल्या पूर्वजांवर लादलेली ओळख होती.

परंतु तो अपमान कापडाच्या जुनेपणात नव्हता, सक्तीत होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले की, वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील, ते स्वच्छ असावे. जुने वस्त्र त्यांनी कमीपणाचे मानले नाही. लादलेली खूण तेवढी नाकारली. स्वतःच्या पैशाने, स्वतः निवडून, धुऊन घातलेला जुना कोट ही उतरण कशी ठरेल?

तथागतांच्या संघात तर टाकून दिलेल्या चिंध्या धुऊन, शिवून केलेले पांसुकूल चीवर आदराचे होते. विनयपिटकात एक प्रसंग आहे. वैशालीच्या गोतमक चैत्यापाशी हिवाळ्यातील रात्री भगवान उघड्यावर बसले आणि थंडी वाजेल तसतसे एकावर एक चीवर घेत गेले. त्या अनुभवावरून भिक्षूंसाठी दुहेरी संघाटीसह तीन चीवरांची मर्यादा त्यांनी ठरवली. गरज अनुभवाने मोजावी, दिखाव्याने नव्हे, हाच त्याचा बोध.

पालकांना आमची विनंती आहे की, जॅकेटसाठी कर्ज काढू नये; ती रक्कम मुलांच्या हाती पुस्तकांसाठी व अडीअडचणीसाठी द्यावी. परदेशातून परतणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आपला कोट धुऊन, पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तेथेच ठेवून यावा. माजी विद्यार्थी संघाने अशा कोटांची एक साधी नोंदवही ठेवली, तर दरवर्षी एखाद्या मुलाचा पहिला हिवाळा तरी सुसह्य होईल.