प्रश्नावली काही दिवस बॅगेतच राहू द्या

फील्डवर्कसाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रश्नावली नीट तयार करा, गाइडकडून तपासून घ्या, आणि तिकडे पोचल्यावर पहिले तीन-चार आठवडे ती बाहेर काढू नका. व्हिसाची मुदत आणि शिष्यवृत्तीचे पैसे डोळ्यांसमोर असताना हा सल्ला जिवावर येतो, हे मला माहीत आहे. तरीही सांगते.

माझी एक विद्यार्थिनी टांझानियात गेली होती, किलिमांजारोच्या दक्षिण उतारावर. तिथल्या चग्गा लोकांनी डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी चरांतून केळी-कॉफीच्या बागांपर्यंत आणलेलं आहे. चर सगळ्यांनी मिळून साफ करायचे, पाणी पाळीनं घ्यायचं, कामाला न येणाऱ्याला दंड. आपल्या धुळे-नाशिककडची फड पद्धत तिनं जवळून पाहिलेली, त्यामुळे पाळी, दंड, भांडणं या सगळ्यावर प्रश्न तयारच होते.

पण आधी कागदपत्रं. परदेशी संशोधकाला तिथं सरकारी संशोधन परवाना लागतो. तो हातात आला तरी प्रांत, जिल्हा, वॉर्ड आणि शेवटी गाव, अशा कचेऱ्यांत पत्रं दाखवत, वहीत सही करत उतरावं लागतं. यात कंटाळू नका. गावच्या कचेरीतल्या बाकावर तासभर बसलात, तर कोण कशासाठी येतं आणि कोणाला किती वेळ थांबवलं जातं, हे फुकट दिसतं.

घड्याळही नव्यानं शिकावं लागतं. स्वाहिली बोलणारे तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे आपल्या सातला तिथे एक. कोणी ‘उद्या चार वाजता या’ म्हणालं, तर सकाळी दहाला जायचं. आणि गेल्यावर लगेच कामाचं बोलायचं नाही. मोठ्या माणसाला आधी ‘शिकामो’ म्हणायचं, त्यांचं ‘मराहाबा’ येईपर्यंत थांबायचं, मग घरच्यांची, कामाची, झोपेची विचारपूस. ही विचारपूस आटोपती घेणारा पाहुणा उद्धट ठरतो, आणि उद्धट माणसाला पाण्याची भांडणं कोण सांगेल?

आणखी एक गोष्ट जाण्याआधी वाचून जा. तुम्ही तिथं कोरी पाटी घेऊन उतरत नाही. पूर्व आफ्रिकेत भारतीय म्हणजे दुकानदार, व्यापारी ही ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. टांझानियाच्या सरकारनं १९७१ मध्ये भाड्यानं दिलेल्या इमारती ताब्यात घेतल्या, त्यात अनेक भारतीय कुटुंबांची मालमत्ता गेली आणि पुष्कळ जण देश सोडून निघाले. आपण कोकणातल्या किंवा विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरातले आहोत, हे समोरच्याला कसं कळणार? तुमचं वागणं पाहूनच. त्याला दिवस लागतात.

या मुलीला वाट मिळाली ती नाचणीमुळे. केळी आणि नाचणीपासून तिथं म्बेगे नावाची बिअर करतात. शेजारच्या आजी अंगणात नाचणी निवडत बसल्या होत्या. ही मुलगी सुपाशी जाऊन बसली, खडे काढू लागली, आमच्याकडे याची भाकरी करतात म्हणाली. आजींना भाकरी थापण्याची कृती हातानं करून दाखवावी लागली. चर साफ करायला कधी जायचं ते आजींनीच सांगितलं. ती कुदळ घेऊन गेली. गैरहजर कोण, कोणाचा दंड माफ होतो, विधवांच्या वाट्याचं काम कोण करतं, हे चिखलात उभं राहून दिसलं. तिच्या प्रश्नावलीत विधवांबद्दल एकही प्रश्न नव्हता. महिन्यानंतर तिनं ती काढली तेव्हा निम्मे प्रश्न खोडले आणि नवे घातले.

म्हणून रोजच्या साध्या गोष्टी टिपून ठेवा, आणि त्याच रात्री. सकाळी लिहू म्हटलं की माणसांची नावं राहतात, त्यांचे शब्द जातात. प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या गावात फील्डवर्क केलं. त्यावरून वर्षानुवर्षं तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डच्या आगीत जळाल्या, कारण तिन्ही तिथंच होत्या. त्यांनी पुस्तक आठवणीतून लिहिलं. ती ताकद सगळ्यांकडे नसते.

एकटेपणा येईल. मालिनोव्स्कीसारख्या दिग्गज मानववंशशास्त्रज्ञाची खाजगी डायरी त्याच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये छापली गेली, तीही चिडचिडीनं आणि घरच्या ओढीनं भरलेली आहे. तेव्हा रडू आलं म्हणून आपण या कामाला नालायक, असं समजू नका. आईवडिलांनाही विनंती आहे, फोनवर ‘काम किती झालं?’ विचारू नका. आज कोणाकडे गेली होतीस, काय जेवलीस, ते विचारा. सांगता सांगता तिलाच काही सुचेल.

आणि अनुदानाच्या अर्जात प्रवासखर्चाच्या शेजारी आणखी एक रक्कम मागा. निष्कर्षांचं स्वाहिलीत भाषांतर, थोड्या छापील प्रती, आणि त्या गावच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी पुन्हा जाण्याचं भाडं. ही मागणी सुरुवातीलाच करावी लागते. प्रबंध सादर झाल्यावर त्यासाठी कोणी पैसे देत नाही.