‘हे तर कुणीही करेल!’ मोल्डिंगच्या पद्धतीवर पेटंट कधी टिकतं, कधी पडतं?

भोसरी, वसई किंवा सातपूरमधलं इंजेक्शन मोल्डिंगचं एखादं छोटं युनिट घ्या. समजा, तिथे एक दिवस वकिलाची नोटीस आली. ‘तुम्ही ज्या पद्धतीने हा भाग काढता, तिचं पेटंट आमच्या अशिलाकडे आहे. उत्पादन थांबवा, नुकसानभरपाई द्या.’ मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘यात पेटंट घेण्यासारखं आहे काय? हे तर कुणीही करेल!’

हे वाक्य रागाच्या भरात आलेलं असलं, तरी कायद्याने तो खराखुरा बचाव आहे. पेटंट कायदा, १९७० नुसार शोध नुसता नवा असून चालत नाही, त्यात ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ लागते. म्हणजे आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही. आणि त्याशिवाय ती गोष्ट त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघड दिसणारी नसावी. दिसणारी असेल तर कलम ६४ खाली पेटंट रद्द होऊ शकतं. कलम १०७ मुळे हाच मुद्दा पेटंटभंगाच्या दाव्यात बचाव म्हणूनही मांडता येतो.

अडचण पुढेच आहे. ‘कुणीही’ म्हणजे कोण, आणि ‘करेल’ हे कोणत्या दिवशी?

‘कुणीही’ म्हणजे कोण?

कायद्यातला हा माणूस काल्पनिक आहे. तो सामान्य ग्राहक नाही आणि मोठा संशोधकही नाही. आपल्या क्षेत्रातलं प्रसिद्ध झालेलं सगळं त्याला ठाऊक असतं, हाताला सफाई असते, पण स्वतंत्र कल्पकतेची ठिणगी नसते. मोल्डिंगपुरतं बोलायचं तर दाणा, मोल्ड आणि मशीन तिन्ही ओळखणारा अनुभवी प्रोसेस इंजिनीअर किंवा डाय सेटर.

त्याला प्रश्न विचारायचा तो पेटंट अर्जाच्या आदल्या दिवशी. तयार भाग हातात घेऊन नाही. गणिताचं उत्तर पाहिल्यावर प्रत्येक पायरी सोपी वाटते, तसंच हे आहे. बहुतेक वाद इथेच फसतात, दोन्ही बाजूंचे.

मिर्झापूरची भांडी

याबाबत भारतात आजही आधी नाव निघतं ते बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्याचं. मामला प्लास्टिकचा नव्हे, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या धातूच्या भांड्यांचा. लेथवर भांडं घासून-तासून घेताना ते निसटून उडायचं, कारागिराला इजा होण्याची भीती असायची. यावर भांडं दाब देऊन पकडून ठेवण्याची एक व्यवस्था तयार झाली आणि १९५१ मध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं.

फायदा खोटा नव्हता. काम सुरक्षित झालं होतं. तरीही १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पेटंट टिकू दिलं नाही. अशा रीतीने वस्तू पकडण्याचं तत्त्व जुनंच होतं. इथे किरकोळ बदल करून ते भांड्यांना लावलं, ही ‘वर्कशॉप इम्प्रूव्हमेंट’, म्हणजे कारखान्यातली सुधारणा झाली, शोध नव्हे, असा निष्कर्ष निघाला. उपयोगी असणं आणि उघड नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या निकालातून घ्यायचं.

क्रॉक्सचा पट्टा

आता नेमकं उलट उदाहरण. क्रॉक्सच्या भोकाभोकांच्या चपला सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या एका अमेरिकी पेटंटात दोन भाग होते: साच्यातून एकसंध निघालेलं फोमचं बूट आणि टाचेमागचा, तोही मोल्ड केलेल्या फोमचा पट्टा. पट्टा प्लास्टिकच्या रिव्हेटने जोडलेला. फोमवर फोम घासतो आणि त्या घर्षणामुळे तो फिरवून ठेवू तिथे राहतो.

फोमचं एकसंध क्लॉग आधीच बाजारात होतं. टाचेमागे पट्टा लावण्याची कल्पनाही जुन्या पेटंटात होती. मग अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने म्हटलं, दोन जुन्या गोष्टी एकत्र केल्या, यात काय विशेष? मिर्झापूरचाच तर्क.

फेब्रुवारी २०१० मध्ये फेडरल सर्किट अपील न्यायालयाने तो फिरवला. कारण वाचण्यासारखं आहे. त्या काळचं ज्ञान फोमचा पट्टा करू नका, असंच सुचवत होतं: फोम ताणला जाईल, आकार सोडेल, त्वचेला त्रास देईल. म्हणजे जाणकार माणूस त्या वाटेला गेलाच नसता. शिवाय निष्पन्न झालं ते बेरजेपेक्षा जास्त होतं. सतत टाचेला चिकटून न राहणारा, पाय सरकला तरच आधार देणारा पट्टा मिळाला. तुफान विक्री आणि नकला हेही न्यायालयाने शोधाच्या बाजूने मोजले.

त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये, गाडीच्या पेडलबाबतच्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात, ‘उघड आहे’ म्हणणं सोपं केलं होतं. त्यानंतरही क्रॉक्सचं पेटंट टिकलं, म्हणून या निकालाला वजन. अमेरिकी निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण प्रश्न विचारण्याची रीत कामाची आहे.

मग मशीनवरच्या सेटिंगचं काय?

खरी खडाजंगी इथेच होते. समजा एखाद्या पेटंटचा दावा असा: जाड हँडलवर सिंक मार्क येऊ नये म्हणून होल्डिंग प्रेशर इतकं, इतके सेकंद, मोल्डचं तापमान अमुक ते तमुक. सिंक मार्क म्हणजे जाड भाग थंड होताना आत ओढला जाऊन पृष्ठभागावर पडणारा खळगा. तो आला की होल्डिंग वाढवून बघ, वेळ वाढवून बघ, जाडी पोखरून कमी कर, हे कोणताही सेटर शिकतो. चार शॉट मारून योग्य आकडे सापडले, तर ती मेहनत आहे. माझ्या मते पेटंट नाही. आकड्यांची चौकट आखून नेहमीचीच पद्धत अडवून ठेवणारे अर्ज पेटंट कार्यालयाने जास्त कडकपणे तपासायला हवेत.

पण त्याच आकड्यांत अनपेक्षित काही दडलं असेल तर चित्र बदलतं. मोल्ड गरम ठेवला की सायकल टाइम वाढतो, म्हणून तो थंड ठेवायचा, हा जुना धडा. त्याच्या विरुद्ध जाऊन, प्लास्टिक भरण्याआधी मोल्डचा पृष्ठभाग तापवायचा आणि भरल्यावर झटपट थंड करायचा, म्हणजे दोन प्रवाह मिळतात तिथली वेल्ड लाइन दिसेनाशी होते. आज हे तंत्र सर्वश्रुत आहे. त्यामुळे आज नुसत्या त्यावर अर्ज आला तर तो पडायलाच हवा. पण ते कुणालाच ठाऊक नव्हतं त्या काळात उभं राहून पाहिलं तर उत्तर इतकं सोपं राहत नाही.

सिद्ध कुणी करायचं?

पेटंट उघड गोष्टीवर दिलंय, असं म्हणणाऱ्याने ते दाखवायचं. इथे छोटे उद्योजक एक चूक करतात: ‘आम्ही दहा वर्षं हेच करतोय’ म्हणून कपाटातल्या प्रोसेस शीट काढतात. कलम ६४ मधल्या या कसोटीत भारतात जाहीरपणे माहीत किंवा वापरात असलेलं, अथवा भारतात वा बाहेर कुठेही प्रसिद्ध झालेलं ज्ञान धरलं जातं, तेही पेटंटच्या अग्रक्रम तारखेच्या आधीचं. बंद दाराआडच्या शीटपेक्षा मशीन कंपनीचं जुनं मॅन्युअल, छापील लेख किंवा मुदत संपलेलं पेटंट इथे जास्त उपयोगी पडतं. आणि दोन कागद असतील तर ते एकत्र करण्याचं कारण जाणकाराला कुठून मिळालं असतं, हेही सांगावं लागतं.

पद्धतीच्या पेटंटात आणखी एक खाच आहे, कलम १०४अ. पेटंटधारकाने वस्तू हुबेहूब तीच असल्याचं दाखवलं, ती त्याच पद्धतीने झाल्याची दाट शक्यता असली आणि वाजवी प्रयत्न करूनही प्रत्यक्ष पद्धत त्याला कळली नाही, तर ‘आमची पद्धत वेगळी आहे’ हे सिद्ध करायला न्यायालय प्रतिवादीला सांगू शकतं. म्हणजे ज्या शीट आधीच्या वादात कमजोर होत्या, त्याच इथे युनिट वाचवू शकतात. त्या तारखेनिशी जपाव्यात.

नोटिशीची वाट पाहण्याची गरजही नाही. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि तेव्हापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणतीही व्यक्ती त्याला विरोध नोंदवू शकते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर एक वर्ष असतं, पण तेव्हा विरोध करणाऱ्याचा त्यात हितसंबंध असावा लागतो. ते वर्ष उलटलं की उरतो तो न्यायालयाचा रस्ता, आणि तिथला खर्च छोट्या युनिटला झेपतोच असं नाही. औद्योगिक संघटनांनी आपल्या सदस्यांसाठी या प्रसिद्ध होणाऱ्या अर्जांवर नजर ठेवली, तर एका युनिटला महाग पडणारं काम पन्नास जणांत वाटलं जाईल.