बटण दाबणे म्हणजे दुरुस्ती नव्हे



कारखान्यातील मोटारीचा वेग कमीजास्त करण्यासाठी ‘ड्राइव्ह’ नावाची पेटी वापरतात. थ्री-फेजचा ४१५ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह ती प्रथम एकदिश करते. त्यामुळे तिच्यातील धारित्रांवर सुमारे ५८५ व्होल्ट दाब येतो. या साठ्यातून ती मोटारीला हव्या त्या वारंवारतेची वीज पुरवते. साठ्याचा दाब ठराविक मर्यादेखाली गेला, की पेटी मोटार थांबवते आणि तसा इशारा देते.

मग पुष्कळदा काय होते? कोणीतरी ‘रीसेट’चे बटण दाबतो. मोटार चालू होते, थोड्या वेळाने पुन्हा थांबते. ‘तपासायला वेळ कोठे आहे?’ असे म्हणतात. पण पाच-पाच मिनिटे दहा वेळा काम थांबले, तर पाऊण तासाहून अधिक गेलाच ना? माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे. राखणदाराचे तोंड दाबणे होय.

वायरमन मीटर लावून म्हणतो, ‘दाब तर पुरेपूर आहे!’ त्याचे खरे असते. पण त्याने मोटार बंद असताना मोजलेले असते. ओहमचा नियम आठवा. प्रवाहच नसेल, तर रोधामुळे दाब घटेल कसा? समजा, एका सैल स्क्रूपाशी अर्धा ओहम रोध आहे. २० अँपिअर प्रवाह सुरू होताच तेथे १० व्होल्ट घटतात आणि २०० वॉट उष्णता निर्माण होते! सांधा करपतो, रोध आणखी वाढतो आणि शेवटी एक फेजच तुटते. म्हणून जाणकाराने दाब मोजावा तो मोटारीवर भार असताना, आणि तिन्ही फेजांचा. तो ठीक असेल, तर जुन्या धारित्रांवर संशय घ्यावा.

तुम्ही मात्र ड्राइव्ह उघडू नका. वीज तोडल्यावरही धारित्रांत काही मिनिटे घातक दाब राहतो. त्याऐवजी बॅटरीचा जुना सेल घ्या. त्याचा दाब आधी नुसता मोजा, मग दिवा जोडून मोजा. दोन आकड्यांतील फरक वहीत लिहा आणि तो कोठे गेला ते शोधा.

शिक्षकांना माझे सांगणे एवढेच, की ओहमच्या नियमावरील गणिते घालण्यापूर्वी हा प्रयोग वर्गात करून घ्यावा. उद्या यांतलेच कोणी कारखान्यात मीटर हाती धरणार आहेत. कोठे आणि केव्हा मोजायचे, हे त्यांना शाळेतच कळलेले बरे.